मुले कोणत्या भाषेत खेळतात?

(जपानमधील ग्योतोकु येथील मराठी कुटुंबांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

मॉरिशसच्या बंधू-भगिनींनो,

तुमच्या वाडवडिलांच्या आगमनाचे स्मरण करणाऱ्या या कार्यक्रमात आम्हाला बोलावलेत, याचा आनंद आहे आणि थोडा संकोचही आहे. आम्ही विमानाने जपानला आलो. हातात कंपनीचे पत्र होते. नोकरी आवडली नाही तर राजीनामा देऊन परत जाता येते. तुमचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूंनी मुंबई बंदरावर आले आणि जहाजात चढले. पुढे करार मोडून उसाचा मळा सोडणे हा गुन्हा ठरत असे. गळ्यात नंबर, आणि 1867 नंतर फोटो लावलेले तिकीट. तेव्हा तुमची आणि आमची कथा एकच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारे भाषण आम्हाला स्वतःलाच आवडले नसते. पण परदेशात मुलांची मराठी कशी टिकते आणि कुठून गळते, या एका बाबतीत तुम्ही आमच्या पाच-सहा पिढ्या पुढे आहात. म्हणून आम्ही शिकायला आलो आहोत, आणि आमची दोन-चार मतेही बरोबर आणली आहेत.

ग्योतोकु म्हणजे चिबा प्रांतातल्या इचिकावा शहराचा एक भाग. तोक्योच्या पूर्वेला जुनी एदो नदी ओलांडली की येतो. 1969 साली मेट्रोची तोझाई मार्गिका इथवर आली आणि स्टेशन झाले. सन 2000 च्या सुमारास भारतातून संगणकाचे काम करणारे लोक मोठ्या संख्येने आले, ते नदीच्या अलीकडे निशी-कासाईला राहिले, कारण ओतेमाची, निहोम्बाशीची ऑफिसे थेट गाडीने गाठता येत. भाडी वाढली तशी कुटुंबे नदी ओलांडून आमच्याकडे सरकली. त्याआधीचे ग्योतोकु मिठाचे गाव होते. तोकुगावा इएयासूने या मिठागरांना आश्रय दिला आणि इथले मीठ एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, नेण्यासाठी कालवा खोदला गेला. कोकणातल्या माणसाला मिठागर नवे नाही, आणि तुमच्या तामारँची मिठागरे तर रस्त्यावरूनच दिसतात. आमच्याकडे त्यांच्या जागी आता सहामजली इमारती आहेत आणि त्या इमारतींत आमची मुले वाढत आहेत.

आता मूळ विषयावर येतो. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी पाच-सहा मुले जमतात. सगळी मराठी घरातली. पुण्याची, नाशिकची, एक कुडाळची. टीव्हीला निन्टेंडो स्विच जोडलेला असतो. स्वयंपाकघरातून ऐकले तर सगळा आरडाओरडा जपानीत: ‘मात्ते!’, म्हणजे थांब, ‘याबाई!’, म्हणजे आता मेलो. रडणे, चिडणे, फसवणे, समेट, सगळे जपानीत. मराठी ऐकू येते ती एकदाच, कुणाची तरी आई ‘जेवायला या रे’ म्हणते तेव्हा. त्यालाही उत्तर येते, ‘छोत्तो मात्ते’.

यावरून आमच्यात दर काही महिन्यांनी वाद होतो. एक बाजू म्हणते, हा गेमचा दोष आहे, तो बंद करा. जपानमध्ये हे म्हणणारे पुष्कळ आहेत. शिकोकु बेटावरच्या कागावा प्रांताने तर 2020 साली नियमच केला की अठरा वर्षांखालच्या मुलांनी शाळेच्या दिवशी 60 मिनिटे आणि सुट्टीच्या दिवशी 90 मिनिटेच गेम खेळावा. दंड नाही, घरच्यांनी पाळायचे. एका शाळकरी मुलाने त्याविरुद्ध दावा लावला, आणि 2022 मध्ये कोर्टाने नियम घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. डोळ्यांसाठी, झोपेसाठी घड्याळ लावावे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण भाषेसाठी त्याचा उपयोग नाही. स्विच बंद केला की हीच मुले खाली बागेत जातात आणि तिथे जपानीतच पकडापकडी खेळतात. मुलाची भाषा ठरते ती सोबतच्या खेळगड्यावरून, पडदा आहे की चेंडू याला फारसे महत्त्व नाही.

एक गोष्ट इथेच वेगळी काढून ठेवतो. भारतात हल्ली ‘गेमिंग’ म्हटले की पैसे लावून खेळायची रमी आणि तसले प्रकार डोळ्यांसमोर येतात. 2025 साली संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते बरे झाले. तो जुगार आहे. घोड्यांच्या शर्यतींचे शाँ द मार्स 1812 पासून ज्यांच्या राजधानीत आहे, त्यांना खेळ आणि जुगार यांतला फरक आम्ही काय सांगणार! आम्ही बोलतो आहोत ते मुलांच्या खेळाबद्दल.

खेळ ही हलकी गोष्ट मानण्याची सवय आपल्या सुशिक्षित लोकांना केव्हा लागली, कोण जाणे. जुन्या मराठीत ती नव्हती. तुकोबांच्या गाथेत विटीदांडूवर, फुगडीवर, हमाम्यावर अभंग आहेत. कोकणात शिमग्याला नमन घेऊन घरोघर फिरणाऱ्यांना ‘खेळे’च म्हणतात, देवाचे काम करणारी माणसे, पण नाव खेळावरून. तुमची झाकरी ही त्याच मातीतल्या जाखडीची बहीण. कोकणातला माणूस ती पाहील तर पायांची चाल लगेच ओळखेल.

आणि खेळात भाषेचा इतिहास किती टिकून राहतो पाहा. विटीदांडूत आमचे आजोबा मोजत ते एक, दोन, तीन असे नव्हे; ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे. आम्हाला वाटायचे, हे मुलांनी केलेले निरर्थक शब्द. तेलुगूत एक ते चार मोजा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मराठी आणि तेलुगू मुले कुठल्या तरी काळी एकाच मैदानावर खेळली असली पाहिजेत. त्यांच्या गावांची नोंद कुठे राहिली नाही. आकडे मात्र राहिले, कारण डाव चालू राहिला. पुस्तकात घालून कुणी ते जपले नव्हते.

जपानमध्येही हेच दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथे आले, तसे ते आपल्या वसईला आणि गोव्यालाही होते. त्यांनी मराठीला पाव, बटाटा, चावी, घमेले दिले. जपानीला पान, म्हणजे पाव, आणि बोतान, म्हणजे बटण, दिले. आणि पत्त्यांना ते ‘कार्ता’ म्हणत, त्यावरून जपानी शब्द झाला कारुता. सरकारने जुगार म्हणून पत्त्यांवर बंदी घातली की लोक चित्रे बदलून नवे पत्ते काढत. असे होत होत फुलांच्या चित्रांचे हानाफुदा आले, आणि 1889 साली क्योतोमध्ये हे हानाफुदा बनवायला एक लहानसे दुकान निघाले. त्याचे नाव निन्टेंडो. आमच्या मुलांच्या हातातला स्विच त्याच दुकानाचा.

जपानी मुले लहानपणी ‘सुगोरोकु’ खेळतात, फासे टाकून घरे चढायची. त्याचा एक जुना प्रकार बौद्ध भिक्षूंच्या वापरात होता: पुण्य केले की स्वर्गाकडे, पाप केले की नरकात. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट असाच. त्याचीच पुढे सापशिडी झाली. कुणी कुणाकडून घेतले, हा विद्वानांचा प्रश्न. आम्ही दोन्ही पट शेजारी मांडले तेव्हा आमच्या एका मुलीने विचारले, ‘आजीला हे माहीत आहे का?’ तिने आजीला फोन लावला आणि दहा मिनिटे बोलली. एरवी तिचे आजीशी बोलणे ‘बरी आहेस ना’ एवढ्यावर संपते.

जपानी अक्षरांची गोष्टही इथे सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्याकडे मराठी शिकवणाऱ्यांना ती आवडेल. आमच्या मुलांना शाळेत पहिल्यांदा काना लिपी शिकवतात. तिचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ऐकताना काही ओळखीचे वाटते का? हा आपल्या बाराखडीचाच क्रम. नवव्या शतकात कुकाई नावाचा भिक्षू चीनमधून संस्कृत लिहिण्याची सिद्धम् लिपी घेऊन आला, तिच्या अभ्यासातून जपानी अक्षरांची ही मांडणी झाली. आजही इथल्या देवळांमागच्या स्मशानात उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे काढतात. पण या क्रमात ‘म’च्या आधी ‘ह’ कसा? तिथे तर ‘प’ हवा. कारण असे की जुन्या जपानीत त्या जागी ‘प’च होता. उच्चार घासून ‘ह’ झाला, जागा तीच राहिली. काना शिकलेल्या मुलाला हे लगेच पटते, कारण ‘ह’वर छोटे वर्तुळ काढले की आजही ‘प’ होतो. आमच्यातल्या ज्या मुलाला बाराखडीचा कंटाळा होता, त्याला आम्ही हे कोड्यासारखे घातले. तो अर्धा तास दोन्ही तक्ते घेऊन बसला. हे दर वेळी जमते असे नाही, पण जमते तेव्हा बरे वाटते.

आता तुमच्याकडून आम्ही काय समजलो ते सांगतो. चुकत असेल तर सभेनंतर जरूर सांगा. तुमच्याकडे मराठी तीन ठिकाणी टिकली: देवघरात, शाळेच्या तासाला आणि झाकरीच्या रिंगणात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. महाराष्ट्राबाहेर हा मान मराठी माणसाला फार थोड्या ठिकाणी मिळाला. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे शिक्षक तयार होतात. हे सगळे मोठे काम आहे. पण अंगणात, मळ्यात, बसमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर क्रिओल आली. 2012 पासून तर प्राथमिक शाळेतही मराठीसारख्या भाषांच्या बरोबरीने क्रिओल हा ऐच्छिक विषय आहे. मुलाने एक निवडले की दुसरे सुटते. यात क्रिओलचा काही दोष आहे असे आम्ही मानत नाही. वेगवेगळ्या बोलींच्या मजुरांनी एकमेकांशी बोलण्यासाठी उचललेली ती भाषा, तीही घामाचीच. दोन भाषांना समोरासमोर उभे करून मुलाला एक निवडायला लावणे, एवढेच आम्हाला खटकते.

आमच्याकडे शाळेचा तासही नाही. तोक्योत भारतीय शाळा आहेत. त्यांतली एक 2004 पासून आणि दुसरी 2006 पासून. पण त्या इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भारतीय भाषा म्हणून तिथे हिंदी शिकवतात. बाकीची मुले जपानी सरकारी शाळेत जातात. मग मराठीचे काम कुणाचे? ‘मातृभाषा’ म्हणायचे आणि आईवर टाकायचे. आमच्यातल्या कितीतरी बायका भारतात नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या. त्या व्हिसावर परवाना काढून आठवड्याला 28 तासच काम करता येते. शिकलेली, पगार मिळवणारी बाई घरात बसते, अनोळखी भाषेत शाळेच्या नोटिसा वाचते, आणि वर तिलाच विचारले जाते, ‘मुलाला मराठी का येत नाही?’ रात्री नऊला घरी येणाऱ्या बापाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की वडिलांनी मुलाशेजारी बसून तो गेम मराठीत बोलत खेळावा. ‘उजवीकडे वळ, मागे बघ, उडी मार, अरे पडलास की!’ एवढ्या चार वाक्यांत आज्ञार्थ आला, भूतकाळ आला आणि प्रेमही आले.

यावर पुण्याहून एक उत्तर नेहमी येते, की ही काय मराठी, निम्मे शब्द जपानी. असे बोलणाऱ्यांनी तुमच्या मराठीलाही हसून घेतलेले आम्ही पाहिले आहे. मॉरिशसहून पहिल्यांदा रत्नागिरीला गेलेल्या माणसाच्या तोंडून क्रिओलचा हेल आला की समोरचा इंग्रजीत बोलू लागतो. दीडशे वर्षे समुद्रापलीकडे राखून आणलेली भाषा, आणि तिचे स्वागत असे! ‘पगार’ पोर्तुगीज आहे, ‘हजर’ आणि ‘जमीन’ फारशीतून आले आहेत. ज्यांच्या तोंडी हे रोज असते त्यांनी आमच्या मुलाच्या एका ‘याबाई’ला नाक मुरडू नये.

दुसरी गोष्ट आडनावाची. परदेशात दोन मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ दुसरा ‘गाव कुठले?’ आणि तिसरा न विचारताच समजून घेतला जातो. ग्योतोकुमध्येही हे घडते. कुणाला सत्यनारायणाला बोलावले आणि कुणाला नाही, यातून ते दिसते. आम्ही ते लपवत नाही. तुमच्याकडे सरकारी नोंदीत मूळ पुरुषाचे नुसते नावच पुढे आडनाव होऊन बसले. कुणी रामजी, कुणी सखाराम. तो कारकुनाचा निष्काळजीपणा होता आणि त्याने तुमची गावे, घराणी पुसून टाकली. ते दुःख मोठे आहे. आजही लोक जहाजांच्या याद्या चाळत गाव शोधतात. पण आडनावावरून जात ओळखायची सोयही त्याबरोबर बरीचशी गेली. जपानात सर्वसामान्य माणसाला आडनाव लावणे 1875 साली सक्तीचे झाले, 1870 पर्यंत बहुतेकांना ते लावण्याची मुभाच नव्हती. आमची मुले खेळात जी नावे घेतात त्यांत आडनाव नसते. एक ‘वडापाव’ आहे, एक ‘निंजा7’. कोण कुणाचा मुलगा, हे त्या यादीवरून कुणालाच कळत नाही, आणि डाव छान चालतो.

शेवटी आम्ही काय करतो ते सांगतो. फार मोठे नाही. जपानी मुलांचा एक जुना खेळ आहे, म्हणींचा कारुता. एक जण म्हण वाचतो, जमिनीवर चित्रांचे पत्ते पसरलेले असतात, जो आधी त्या म्हणीच्या पत्त्यावर हात मारेल त्याचा पत्ता. यात ऐकावेच लागते, तेही पहिल्या अक्षरापासून. आम्ही मराठी म्हणींचा कारुता केला. चित्रे मुलांनीच काढली. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ला एकाने रोबो काढला आहे. ‘पळसाला पाने तीनच’ कुणाला कळेना, कारण पळस कुणी पाहिला नव्हता. ‘गाढवाला गुळाची चव काय’ सगळ्यांना एका झटक्यात कळली.

म्हणी गोळा करताना मात्र आमच्यात खरे भांडण झाले. आपल्या म्हणींच्या पुस्तकांत जातींवर आणि बायकांवर, विशेषतः विधवांवर, काय काय आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. आमच्यातले एक काका म्हणाले, तो भाषेचा इतिहास आहे, कापू नका. आम्ही म्हणालो, इतिहास कोशात राहू द्या, मोठे झाल्यावर वाचतील आणि लाजही वाटेल. पण सात वर्षांचे मूल हसत हसत ज्यावर हात मारणार, ती गोष्ट आम्ही निवडून देतो आहोत. शेजारी बसलेल्या मुलाच्या आजोबांना त्याच शब्दाने हाक मारली गेली असेल. त्या म्हणी आम्ही काढल्या. काका दोन आठवडे आले नाहीत, मग आले, आणि आता तेच सर्वांत खणखणीत आवाजात म्हणी वाचतात. त्यांचे मत बदललेले नाही, हेही सांगायला हवे.

तुमच्याकडे आमची एक मागणी आहे. तुमच्यातल्या आज्या, आजोबा लहानपणी मळ्याच्या कॅम्पात काय खेळत होते? गोट्या, सागरगोटे, लगोरी, विटीदांडू, की आणखी काही? मोजताना कोणते आकडे म्हणत? बाद झालेल्याला काय म्हणत? त्यात क्रिओल, भोजपुरी मिसळली असेल तर तशीच राहू द्या, दुरुस्त करू नका. फोनवर त्यांच्याच आवाजात नोंदवून पाठवा. आमच्या संचात आठ पत्ते कोरे ठेवले आहेत. तुमच्याकडून जे येईल त्याची चित्रे आमची मुले काढतील आणि एक पूर्ण संच या सभागृहात पाठवतील. टपालाला दोन-तीन आठवडे लागतात.